गाठ साधी असली तरी



मी फौजी माणूस. एकतीस वर्षं नोकरी केली, कर्नल म्हणून निवृत्त झालो आणि आता नोएडाला अरुण विहारमध्ये राहतो. मूळ गाव साताऱ्याकडचं. माझं शिक्षण बीए, तेही इतिहासात. तेव्हा आज ज्या आजाराबद्दल बोलणार आहे त्यातलं मला कळतं ते एका पेशंटच्या बापाला कळेल तेवढंच. मी स्वतःही पेशंट आहे, पण ते नंतर सांगतो.

आजाराचं नाव न्यूरोफायब्रोमॅटोसिस. नाव तोंडात बसत नाही म्हणून सगळे एनएफ म्हणतात, मीही तेच म्हणतो. यात शरीरातल्या नसांवर गाठी येतात. नसा म्हणजे रक्ताच्या नव्हेत, संवेदना वाहून नेणाऱ्या, मज्जातंतू म्हणतात त्या. या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्या नसतात. माझ्या मुलीला हा आजार आहे. तिच्याबद्दल बोलू का, असं तिला विचारलं. ती म्हणाली, "बोला बाबा, पण नाव घ्यायचं नाही आणि भाषण करायचं नाही." बघू, कितपत जमतं.

२४ ऑक्टोबर १९९५ला दिवाळीतच खग्रास सूर्यग्रहण झालं होतं. तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. आम्ही तेव्हा आग्र्याला होतो आणि ते ग्रहण त्या पट्ट्यात फार छान दिसणार होतं. पत्नीला चौथा महिना सरत आला होता. आम्ही दोघांनी क्वार्टरच्या गच्चीवरून जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण पाहिलं. (एक्स-रेच्या फिल्ममधून ग्रहण बघू नका, डोळ्यांना धोका असतो. आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं.) मार्च ९६मध्ये मुलगी झाली. ती वर्षाची होईपर्यंत अंगावर चहा सांडल्यासारखे फिकट तपकिरी डाग दिसायला लागले. पोटावर, पाठीवर, मांडीवर. साताऱ्याहून आई आली होती. तिने डाग पाहिले आणि पत्नीला एकच प्रश्न विचारला, "ग्रहण पाहिलं होतंस ना?"

त्यावर पत्नी काही बोलली नाही. मीही बोललो नाही. ग्रहण दोघांनी पाहिलं होतं, पण प्रश्न तिलाच विचारला गेला आणि पुढची नऊ वर्षं तिने तो मनात ठेवला.

या नऊ वर्षांत आमच्या चार ठिकाणी बदल्या झाल्या. दोनदा डॉक्टरांना डाग दाखवले, दोन्ही वेळा उत्तर एकच, जन्मखूण आहे. त्यांना दोष देत नाही. एखाददुसरा डाग कितीतरी मुलांच्या अंगावर असतो आणि त्याचा काही अर्थ नसतो. आमच्या मुलीचे डाग कोणी मोजले नव्हते एवढंच.

ते मोजले २००५ साली, एका लष्करी रुग्णालयातल्या त्वचारोगाच्या डॉक्टर बाईंनी. त्या स्वतःही फौजेत लेफ्टनंट कर्नल होत्या. मुलीला खोकला होता म्हणून नेलं होतं. आम्ही कॉरिडॉरमध्ये उभे होतो, त्यांची नजर मुलीच्या मानेवरच्या डागाकडे गेली आणि त्यांनी आत बोलावलं. पट्टी घेऊन डाग मोजले. अकरा. मग काखेत बघितलं. काखेत बारीक बारीक ठिपके होते, ऊन कधी लागत नाही अशा जागी. त्यांनी आम्हाला नियम सांगितला, तो मी तुम्हाला सांगतो, कारण हा नियम घरबसल्या लावता येतो. वयात येण्याआधीच्या मुलाच्या अंगावर पाच मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त डाग, किंवा मोठ्या माणसाच्या अंगावर पंधरा मिलिमीटरपेक्षा मोठे सहा किंवा जास्त डाग असतील, तर डॉक्टरांना एनएफचं नाव घेऊन विचारा. डाग म्हणजे आजारच असं नाही, पण विचारायला हवं. काखेत किंवा जांघेत तसे ठिपके असतील तर संशय अजून पक्का होतो.

मग त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "सर, आप शर्ट उतारेंगे?"

माझ्या अंगावर सात डाग निघाले. फिकट, मला कधी दिसलेच नव्हते. पाठीवर मऊ गाठी होत्या. त्यांना मी चरबीच्या गाठी समजत होतो. डोळ्यांच्या विभागात पाठवलं, तिथे यंत्रातून बुबुळावर बारीक उंचवटे दिसले. त्यांना लिश नोड्यूल म्हणतात. एनएफ असलेल्या बहुतेक मोठ्या माणसांत ते असतात, दृष्टीला त्रास देत नाहीत, पण साक्ष मात्र पक्की देतात.

म्हणजे आजार माझ्याकडून आला होता.

फौजेत दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. तिला 'शेप' म्हणतात. त्यात मन, कान, हातपाय, शरीराची एकूण ताकद आणि डोळे अशा पाच गोष्टी बघतात. मी दरवर्षी शेप-वन होतो, म्हणजे पूर्ण फिट. डोंगर चढलो, सियाचीनच्या पायथ्याशी राहिलो. आणि हा आजार माझ्यात जन्मापासून होता! सांगायला लाज वाटते, पण त्या रात्री मला मुलीपेक्षा माझ्या मेडिकल कॅटेगरीची काळजी जास्त वाटली. प्रमोशन बोर्ड जवळ होतं. पुढे काही झालं नाही, कॅटेगरी टिकली. पण पत्नी त्या रात्री फार वेळ बाहेर व्हरांड्यात बसली होती. मला वाटलं रडत असेल. जवळ गेलो तर म्हणाली, "आईंना फोन तुम्ही करायचा."

केला. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुझ्या वडिलांच्या अंगावर चामखिळी होत्या." वडील जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती.

आता थोडं शास्त्र. एनएफचा जो प्रकार आमच्या घरात आहे तो एनएफ-वन. जगभरात साधारण तीन हजार जन्मांमागे एकाला असतो. तसा दुर्मिळ, पण आपल्या लोकसंख्येत हिशोब केला तर ही माणसं लाखांत जातात. सतराव्या गुणसूत्रावर एक जनुक आहे, ते १९९० साली सापडलं. ते एक प्रथिन तयार करतं आणि त्या प्रथिनाचं काम गाडीच्या ब्रेकचं. पेशींनी किती वाढायचं याला ते लगाम घालतं. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असली की आजार येतो, आणि अशा माणसाच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता पन्नास टक्के. प्रत्येक वेळी नवा टॉस. पहिल्याला आला म्हणून दुसऱ्याला येणार नाही असं नसतं. आणि निम्म्या पेशंटांच्या आईवडिलांत आजार नसतोच, बिघाड त्यांच्यातच नव्याने झालेला असतो. ग्रहण, चिरलेली भाजी, पूर्वजन्म, कशाचाही संबंध नाही. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, एका तलावात पोहल्याने तो पसरत नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण एका सोसायटीत मुलीला पोहण्याच्या तलावातून बाहेर यायला सांगितलं होतं.

एकाच घरात एकच बिघाड असूनही आजाराचं रूप प्रत्येकात वेगळं असतं, हे मला सगळ्यांत विचित्र वाटतं. वडिलांना चामखिळी, मला पाठीवर चार गाठी, आणि मुलीला मांडीच्या आत खोलवर, मोठ्या नसेला वेढून बसलेली गाठ. अशा पसरलेल्या, जाळ्यासारख्या गाठीला प्लेक्सिफॉर्म म्हणतात.

दुसरा प्रकार आहे, ज्याला इतकी वर्षं एनएफ-टू म्हणत. २०२२पासून त्याचं नाव बदलून श्वानोमॅटोसिसच्या गटात घातलं आहे. तो बाविसाव्या गुणसूत्राचा, बराच दुर्मिळ, आणि त्यात डाग नाहीत तर कान महत्त्वाचे. दोन्ही बाजूंच्या तोल सांभाळणाऱ्या नसांवर गाठी येतात. तरुण वयात कानात आवाज येणं, एका कानाने कमी ऐकू येणं, चालताना तोल जाणं असं असेल तर नुसतं कानातला मळ काढून घरी येऊ नका.

एक जण मला म्हणाला होता, "तुमच्या मुलीला तो एलिफंट मॅनवाला आजार आहे ना?" इंग्रज माणूस जोसेफ मेरिक, त्याच्यावर १९८०मध्ये सिनेमा निघाला. लोक बरीच वर्षं समजत होते की त्याला एनएफ होता. १९८६मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की त्याची लक्षणं प्रोटियस नावाच्या वेगळ्याच आजाराशी जुळतात. पण सिनेमाची आठवण जात नाही. इंटरनेटवर फोटो शोधायला बसू नका, तिथे सगळ्यांत भयंकर फोटो सगळ्यांत वर येतात. आम्ही बसलो होतो.

आता माझ्या चुकीकडे येतो. खरं तर यासाठीच मी बोलायला तयार झालो.

'बिनाइन' या शब्दाचं मराठी डॉक्टर 'साधी गाठ' असं करतात. मी तो शब्द धरून बसलो. साधी आहे ना, मग झालं. त्यात माझी फौजी सवय. युनिटमध्ये एखादा जवान सारखा सिक रिपोर्ट करायला लागला, म्हणजे दुखतंय म्हणून एमआय रूममध्ये जायला लागला, की त्याच्याकडे कामचुकार म्हणून बघतात. मीही बघत असे. घरीही मी तेच केलं. मुलीचं काही दुखलं की "कुरकुर नको", आणि गणितात मार्क कमी पडले की "लक्ष देत नाहीस." एनएफ-वन असलेल्या निम्म्याएक मुलांना शिकण्यात काही ना काही अडचण असते, हे मला ती नववीत गेल्यावर कळलं. तपासणी करून घेतली, सर्टिफिकेट मिळालं, सीबीएसईच्या परीक्षेत जास्तीचा वेळ मिळाला. पण तोवर मी पाच वर्षं तिला ओरडलो होतो.

२०२०च्या लॉकडाऊनमध्ये ती चोवीस वर्षांची होती आणि घरून काम करत होती. मांडीतली गाठ दुखायला लागली. ती बोलली नाही. सात महिने. रात्री झोपमोड व्हायची, गोळी घेऊन पुन्हा झोपायची. पत्नीच्या लक्षात आलं, कारण घरातल्या दुखण्याच्या गोळ्या संपत होत्या. मी तेव्हाही म्हणालो, "गाठ जुनीच आहे, आता करोनात कुठे हॉस्पिटलात जायचं?" पत्नीने ऐकलं नाही. एमआरआय झाला, पेट स्कॅन झाला, सुईने तुकडा काढून तपासला. गाठीच्या एका भागातल्या पेशी बदलायला लागल्या होत्या. अजून कर्करोग नव्हता, पण त्या वाटेवर होता. ऑपरेशन करून तेवढा भाग काढला. नस वाचवली, पण पूर्ण नाही. आज ती उजव्या पायाला आधाराची पट्टी घालते, नाहीतर चवडा अडखळतो. सात महिने आधी गेलो असतो तर पट्टी लागली नसती का? सर्जननी यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

मी तिला विचारलं, सांगितलं का नाहीस? म्हणाली, "तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, सहन कर."

एनएफ-वनमध्ये नसेच्या गाठीचा कर्करोग होण्याची शक्यता आयुष्यभरात शंभरात आठ ते तेरा इतकी सांगतात. उरलेल्या सत्त्याऐंशी ते ब्याण्णव जणांना तो होत नाही, हेही तितकंच खरं. त्यामुळे प्रत्येक गाठ बघून घाबरायचं नाही आणि प्रत्येक गाठ कापूनही टाकायची नाही. कापताना नस दुखावते, आणि अंगावर शेकडो गाठी असतील तर कुठवर कापणार? पण चार गोष्टी दिसल्या तर थांबायचं नाही. जुनी गाठ दुखायला लागली, विशेषतः रात्री झोपमोड करणारं दुखणं. गाठ झपाट्याने वाढली. मऊ होती ती कडक झाली. हातापायात नवी कमजोरी किंवा बधिरपणा आला. या चारपैकी एक असेल तर त्याच आठवड्यात डॉक्टर. मालिश नको, लेप नको, गाठी विरघळवणारं चूर्ण तर नकोच. तसलं चूर्ण आमच्याकडे तीन वेगवेगळ्या हितचिंतकांनी आणून दिलं होतं.

मी आता मुलीसाठी आणि स्वतःसाठी एक वही ठेवली आहे आणि तिला शेपचाच साचा दिला आहे. मन यासाठी की हा आजार दिसणारा आहे आणि आरशात रोज दिसतो. पौगंडावस्थेत गाठी वाढतात, गरोदरपणातही वाढू शकतात, आणि त्या वयातल्या मुलीला 'रूप महत्त्वाचं नसतं' असं सांगून काही उपयोग होत नाही. हातपाय म्हणजे पाठीचा कणाही, कारण तो वाकू शकतो. लहान बाळाच्या नडगीला बाक असेल तर तोही दाखवायचा. डोळे लहानपणी सर्वांत महत्त्वाचे. दृष्टीच्या नसेवरची गाठ बहुतेक वेळा सहा-सात वर्षांच्या आतच येते आणि मूल सांगत नाही की मला कमी दिसतंय, म्हणून दरवर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचंच. ताकदीच्या रकान्यात मी रक्तदाब लिहितो. तो दरवर्षी मोजायचा, अगदी लहान मुलांचासुद्धा, कारण एनएफमध्ये मूत्रपिंडाची रक्तवाहिनी अरुंद होऊन किंवा अधिवृक्क ग्रंथीवर गाठ येऊन तो चढू शकतो. बायकांना स्तनाच्या कर्करोगाचा धोका लवकर असतो, म्हणून त्यांची तपासणी तिशीपासून सुरू करायला सांगतात. आणि कुठल्याही कारणाने रेडिएशनचा विषय निघाला तर आधी डॉक्टरांना एनएफ आहे हे सांगायचं. ते शक्यतो टाळतात.

औषध आहे का, हा प्रश्न मला सोसायटीच्या बागेत आठवड्यातून एकदा तरी विचारला जातो. आजार मुळातून बरा करणारं नाही. पण एप्रिल २०२०मध्ये अमेरिकेत सेलुमेटिनिब नावाच्या गोळीला मान्यता मिळाली, दोन वर्षांवरच्या मुलांसाठी, ज्यांची प्लेक्सिफॉर्म गाठ त्रास देते आणि कापता येत नाही. मघाशी ब्रेक म्हणालो ना, ब्रेक बिघडला तर ही गोळी ॲक्सिलरेटरची तार ढिली करते असं समजा. पन्नास मुलांवरच्या अभ्यासात साधारण दोन-तृतीयांश मुलांची गाठ निदान पाचव्या हिश्शाने लहान झाली. गाठ जात नाही, आकसते. दुखणंही कित्येकांचं कमी होतं. पुरळ, जुलाब, नखाभोवती सूज असे त्रास होतात, हृदयाची आणि डोळ्यांची तपासणी करत राहावी लागते. फेब्रुवारी २०२५मध्ये मिरडामेटिनिब नावाच्या दुसऱ्या औषधाला तिथे मान्यता मिळाली, ते मुलांबरोबर मोठ्यांसाठीही. या गोळ्या सगळ्यांना लागत नाहीत, मला लागत नाहीत. आणि महाग आहेत, अशक्य म्हणावं इतक्या.

पैशाचं बोलायलाच हवं. दिल्ली उच्च न्यायालयात २०१४ साली एका रिक्षाचालकाच्या मुलाचा खटला आला होता. त्याला गौशे नावाचा दुर्मिळ आजार होता, एनएफ नव्हे. न्यायालयाने त्याला एम्समध्ये मोफत औषध द्यायला सांगितलं. तिथून पुढे बरंच झालं आणि २०२१मध्ये देशाचं दुर्मिळ रोगांचं धोरण आलं. त्यात ठरवलेल्या केंद्रांमध्ये यादीतल्या आजारांसाठी पन्नास लाखांपर्यंत मदतीची तरतूद आहे. दिल्लीत एम्स आणि मौलाना आझाद मेडिकल कॉलेज, मुंबईत केईएम ही अशी केंद्रं आहेत. हैदराबाद आणि बंगळुरातही आहेत. तुमच्या पेशंटला त्या यादीतून काय मिळतं ते केंद्रात जाऊनच विचारा, व्हॉट्सॲपवर विचारू नका. दुसरं म्हणजे, अपंगत्वाच्या २०१६च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत एनएफचं नाव नाही, पण त्यामुळे झालेलं बहिरेपण, अंधुक दृष्टी, पायाचं अपंगत्व, शिकण्यातली अडचण यांचं सर्टिफिकेट मिळू शकतं. माजी सैनिकांसाठी एक सांगतो. मुलगी कमावती झाली किंवा तिचं लग्न झालं की ती आपल्या ईसीएचएसच्या कार्डावरून उतरते. त्याआधी तिचा स्वतःचा आरोग्य विमा काढा आणि फॉर्मवर आजार लिहा. एप्रिल २०२४पासून आधीच्या आजारासाठीची थांबण्याची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं आहे. लपवलात तर क्लेमच्या वेळी विमा कंपनी ते शोधून काढते.

लग्नाचंही तसंच. दोन स्थळं आली होती. माझी बहीण म्हणाली, लग्न झाल्यावर सांगू. मुलीने दोन्ही ठिकाणी पहिल्या भेटीतच सांगितलं आणि दोन्ही ठिकाणांहून पत्रिका जुळत नाही असा निरोप आला. पुढे तिने ऑफिसातल्या मुलाशी लग्न केलं. त्याला तिने डागांपासून टॉसपर्यंत सगळं सांगितलं होतं. लग्नानंतर दोघं जनुकतज्ज्ञांकडे गेले. घरातला नेमका बिघाड कोणता, हे माझ्या आणि तिच्या रक्तातून शोधता येतं. तो कळला की गरोदरपणात तपासणी करता येते, किंवा टेस्ट ट्यूबच्या मार्गाने आधीच गर्भ तपासून घेता येतो. मूल किती आजारी असेल हे मात्र कोणतीच तपासणी सांगत नाही. रक्त द्यायला मी गेलो होतो. बाहेर बसल्यावर जावयाने विचारलं, "बाबा, तुमच्या वेळी ही तपासणी असती तर?" मला उत्तर सुचलं नाही. ती आतून ऐकत असेल असं वाटलं. त्यांनी काय ठरवलं ते मी विचारलेलं नाही.

२५ ऑक्टोबर २०२२ला पुन्हा दिवाळीतच ग्रहण आलं, खंडग्रास, सूर्य मावळताना. आम्ही तिघं नोएडातल्या गच्चीवर गेलो. या वेळी खास चष्मे मागवले होते.

गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. डाव्या मनगटापाशी नवी गाठ आली आहे. वाटाण्याएवढी, मऊ, दुखत नाही. ज्या दिवशी दिसली त्याच दिवशी तिने सांगितलं. मी वहीत तारीख आणि माप लिहून ठेवलं आहे. पुढची मोजणी दिवाळीनंतर.